टेंडिनायटिसच्या ट्रायलमध्ये जायचंय? आधी दुसऱ्या गटाला काय मिळणार ते वाचा

प्रश्नाचा गोषवारा असा: घोट्यामागच्या अकिलीस टेंडनचं (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीचं) दुखणं आठ-नऊ महिन्यांपासून आहे. डॉक्टरांनी टेंडिनायटिस, म्हणजे टेंडनची सूज, असं सांगितलं. गोळ्या, बर्फाचा शेक, विश्रांती, थोडीफार फिजिओथेरपी असं सगळं झालं, तरी सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं टाकताना जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी एखाद्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे उपचार माणसांवर तपासून पाहणाऱ्या चाचणीत, भाग घ्यावा का, ती शोधायची कुठे, आपल्याला घेतील का आणि धोका किती, असं विचारलं आहे.

जरूर भाग घ्या. टेंडनच्या दुखण्याबद्दल आज जे काही खात्रीने सांगता येतं, ते तुमच्यासारख्याच माणसांनी चाचण्यांना दिलेल्या वेळातून आलं आहे. मी बरीच वर्षं अशा चाचण्यांसाठी रुग्णांची तपासणी आणि निवड करतो आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगतो: नव्या उपचाराचं वर्णन नंतर वाचा. ज्यांना तो मिळणार नाही त्यांना काय मिळणार आहे, ते आधी वाचा. त्या गटात तुमचं नाव लागलं तर पुढचे सहा महिने किंवा वर्षभर ते तुम्हाला चालेल का? उत्तर मनापासून ‘हो’ असेल तर पुढे जा. ‘नाही’ असेल तर ती ट्रायल तुमच्यासाठी नाही, मग नवा उपचार कितीही आशादायक वाटो.

कारण कुठला गट मिळणार हे तुमच्या हातात नसतं, आणि डॉक्टरांच्याही नसतं. संगणक चिठ्ठी टाकतो. बऱ्याच चाचण्यांमध्ये कुणाला काय मिळालं हे तुम्हालाही कळत नाही आणि तुमची तपासणी करणाऱ्यालाही कळत नाही. इंजेक्शनची ट्रायल असेल तर तुलनेच्या गटाला सलाइनचं, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्याचं, इंजेक्शन मिळू शकतं. शॉकवेव्हची (दुखऱ्या जागी यंत्राने ध्वनिलहरींचे धक्के देण्याची) असेल तर यंत्राचा आवाज नेहमीसारखाच येतो, पण टेंडनपर्यंत उपचाराची ताकद पोचू दिलेली नसते. शस्त्रक्रियेच्या चाचणीतही असं होतं. खांद्यातल्या हाडाचा उंचवटा घासून टेंडनला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया जगभर सर्रास होत असे. ब्रिटनमध्ये 313 रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींची ती शस्त्रक्रिया केली, काहींच्या सांध्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं आणि काहींवर काहीच केलं नाही. 2018मध्ये निकाल आला तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांत आणि नुसती दुर्बीण घातलेल्यांत फरक दिसला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा या दोघांना किंचित जास्त आराम होता, पण रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवेल इतका नव्हता.

हे वाचून ‘म्हणजे अर्ध्या लोकांना फसवतात’ असं वाटू शकतं. तसं नाही. कुठल्या गटांची शक्यता आहे आणि चिठ्ठीत कुणाचं काय प्रमाण आहे, हे संमतीपत्रात आधीच लिहिलेलं असतं. शिवाय टेंडनच्या बाबतीत तुलनेच्या गटात जाणं हे कमनशिबी समजायचं काही कारण नाही. पीआरपीचंच उदाहरण घ्या. पीआरपी म्हणजे रुग्णाचंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करायचा आणि तो दुखऱ्या टेंडनमध्ये टोचायचा. 2010मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत अकिलीसच्या 54 रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपी दिलं, निम्म्यांना सलाइन. व्यायाम मात्र सगळ्यांकडून करून घेतला. 24 आठवड्यांनी दोन्ही गट 100 गुणांच्या मोजपट्टीवर साधारण 20 गुणांनी सुधारले होते. त्यांच्यात फरक नव्हता. 2021मध्ये ब्रिटनमध्ये 240 जणांवर आणखी मोठी चाचणी झाली. तिथे तुलनेच्या गटाला सुई फक्त कातडीखाली टोचली, टेंडनपर्यंत नेलीच नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तेच, फरक नाही.

स्टिरॉइड इंजेक्शनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 2013मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचा निकाल आला, टेनिस एल्बोचे (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं टेंडन दुखणारे) 165 रुग्ण होते. स्टिरॉइडने पहिल्या काही आठवड्यांत आराम पडतो, हे आपण सगळेच पाहतो. पण वर्षाअखेरीस पूर्ण किंवा बरंच बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण स्टिरॉइड घेतलेल्यांत 83 टक्के होतं आणि सलाइन घेतलेल्यांत 96 टक्के. दुखणं उलटण्याचं प्रमाण स्टिरॉइडवाल्यांत 54 टक्के, सलाइनवाल्यांत 12 टक्के. त्या चाचणीत ‘खरं औषध’ मिळालं म्हणून कुणाचा हेवा करायचा?

तुलनेचा गट लागतो तो याचसाठी. टेंडनचं दुखणं चढतं आणि उतरतं. माणूस डॉक्टरकडे येतो तो दुखणं ऐन भरात असताना, म्हणजे त्यानंतर थोडं उतरणारच असतं. त्याच सुमारास जे केलं त्याला श्रेय मिळतं. समोर दुसरा गट उभा केल्याशिवाय हे श्रेय खरं की नुसतं वेळेचं, हे कुणालाच सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरलासुद्धा.

आता शोधायला लागण्याआधी. तुमच्या प्रश्नात ‘थोडीफार फिजिओथेरपी’ असं लिहिलं आहे. बहुतेक चाचण्यांच्या दारात तुम्ही तिथेच अडाल, म्हणून यावर सविस्तर बोलतो. अकिलीसवर भार देणाऱ्या व्यायामाची जी पद्धत जगभर गेली, ती 1998मध्ये स्वीडनमध्ये 15 हौशी खेळाडूंवर तपासली होती. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायावर भार घेत टाच सावकाश खाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून 15 वेळा असे तीन संच, गुडघा थोडा वाकवून तसेच तीन संच, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज 180 वेळा, तेही 12 आठवडे. थोडं दुखलं तरी थांबायचं नाही, आणि सोपं वाटू लागलं की पाठीवर वजन वाढवायचं. पुढे यात बरेच बदल झाले. आज बरेच फिजिओथेरपिस्ट कमी वेळा पण जास्त वजनाने, सावकाश करायला सांगतात, आणि माझ्या रुग्णांना तेच जास्त झेपतं. पद्धत कुठलीही असो, ती आठवड्यांच्या हिशेबाने चालते. चार बैठका अल्ट्रासाउंड शेकाच्या आणि एक रबरी पट्टा घरी नेऊन ठेवलेला, याला व्यायाम झाला असं म्हणता येत नाही.

त्यामुळे तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे बारा आठवडे नीट व्यायाम करा, तारखेवार वहीत लिहा. किती वेळा, किती वजन, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं दहापैकी किती. ‘व्यायाम करूनही बरं न झालेले’ रुग्ण शोधणाऱ्या चाचण्यांना हाच पुरावा लागतो, आणि सांगायला आनंद वाटतो की त्या बारा आठवड्यांत अनेकांची चाचणीची गरजच संपते. दोन, ज्या चाचणीत सगळ्याच गटांना व्यायाम दिला जातो ती शोधा. तिथे तुलनेचा गट मिळाला तरी देखरेखीखाली नीट व्यायाम होतो. तुमच्या जागी मी असतो तर दुसरा रस्ता धरला असता.

निदानही पक्कं करून घ्या. ‘टाच दुखते’ यावर कुठलीही चाचणी भागत नाही. अकिलीसमध्येच दोन वेगळे प्रकार धरतात: टाचेच्या हाडापासून साधारण 2 ते 6 सेंटिमीटर वर, टेंडनच्या मधल्या भागात दुखणारा, आणि टेंडन हाडाला चिकटतं तिथेच दुखणारा. एका प्रकारासाठीची चाचणी दुसऱ्याला घेत नाही. सोनोग्राफी झाली असेल तर नुसता कागदी अहवाल नको, चित्रंही मागून घ्या. टेंडनची जाडी, आतले काळपट पट्टे, डॉपलरवर दिसणारा नवा रक्तप्रवाह, हे चाचणीवाले स्वतः पाहतात.

शोध घेताना एक अडचण सगळ्यांना येते. इंग्रजीत ‘टेंडिनायटिस’ लिहून शोधलं तर काही चाचण्या हाती लागतच नाहीत. बरेच महिने जुन्या दुखण्यात टेंडनमध्ये सूज आणणाऱ्या पेशींपेक्षा विस्कटलेले कोलेजनचे तंतूच जास्त दिसतात. म्हणून 2018मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला जमलेल्या तज्ज्ञांनी ‘टेंडिनोपथी’ हाच शब्द वापरायचं ठरवलं, आणि संशोधकांच्या नोंदींत तोच जास्त असतो. म्हणून आधी ‘टेंडिनोपथी’ टाका, मग ‘टेंडिनायटिस’, मग त्याचं ‘ओ’ने होणारं दुसरं स्पेलिंग. त्याला अवयवाचं नाव जोडा: अकिलीस, पटेलर (गुडघ्याच्या वाटीखालचं), रोटेटर कफ (खांद्याचं), ग्लुटियल (कुल्ह्याचं). कोपरासाठी ‘टेनिस एल्बो’ आणि ‘लॅटरल एपिकॉन्डिलायटिस’ दोन्ही पाहा, अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर ‘डी क्वेरव्हेन’.

कुठे शोधायचं, तर सार्वजनिक नोंदणीवर. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह 2000पासून चालू आहे आणि तिथे जगभरच्या चाचण्या सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेचं शोधपोर्टल वेगवेगळ्या देशांच्या नोंदण्या एकत्र दाखवतं, भारताची सीटीआरआय आणि ब्रिटनची आयएसआरसीटीएन त्यात आल्या. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी 2005पासून नियम केला की पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी झाली नसेल तर निबंध छापायचा नाही. त्यामुळे प्रामाणिक चाचणी कुठेतरी नोंदलेली असतेच. जिचा नोंदणी क्रमांक कुणी सांगू शकत नाही, तिच्या वाटेला जाऊ नका.

नोंद उघडली की आधी स्थिती पाहा. ‘रिक्रूटिंग’ असेल तरच रुग्ण घेताहेत. ‘ॲक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ म्हणजे चाचणी चालू आहे पण भरती बंद. ‘अननोन’ दिसलं तर समजा की संपायची तारीख उलटली आणि दोन वर्षांहून जास्त काळ कुणी नोंद तपासलेली नाही. तिथे पत्र घालण्यात वेळ जाईल. मग थेट ‘आर्म्स अँड इंटरव्हेन्शन्स’कडे जा. तुलनेच्या गटाला काय देणार ते इथे लिहिलेलं असतं. त्यानंतर ‘प्रायमरी आउटकम’: काय मोजणार आणि किती महिन्यांनी. टेंडनच्या चाचणीत दुखणं आणि हालचाल सोडून फक्त सोनोग्राफीतली जाडी मोजणार असतील तर मी रुग्णाला जरा थांबायला सांगतो. टेंडन चित्रात तसंच जाड राहतं आणि माणूस पळायला लागतो, असं नेहमी दिसतं. उलटही होतं. सर्वांत शेवटी पात्रतेच्या अटी.

या अटी वाचून लोक खचतात, पण त्यातल्या बऱ्याच तुमच्या सुरक्षिततेसाठी असतात. टेंडन पूर्ण फाटलेलं असेल, संधिवाताचा सूज आणणारा प्रकार असेल, गरोदरपण असेल, इंजेक्शनच्या चाचणीत रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर नाही म्हणतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची प्रतिजैविकं अलीकडे घेतली असतील तर आवर्जून सांगा. ती टेंडनला इजा करू शकतात, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008मध्ये त्यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आणखी एक अट नेहमी आडवी येते: गेल्या तीन किंवा सहा महिन्यांत त्याच जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेलं नसावं. म्हणून ट्रायलचा विचार असेल तर मधल्या काळात घाईने इंजेक्शन घेऊ नका.

संपर्कासाठी लांबलचक कहाणी लिहायची गरज नाही. वय, कुठला टेंडन आणि कुठली बाजू, किती महिने, सोनोग्राफी कधी झाली, कोणता व्यायाम किती आठवडे केला, शेवटचं इंजेक्शन कधी, चालू औषधं, आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक. एवढं असलं की समन्वयक फोनवरच सांगू शकतात की यायला हरकत नाही.

निवड-तपासणीला गेल्यावर काय होतं ते सांगतो, म्हणजे गोंधळायला होणार नाही. पालथं झोपवून पावलं पलंगाच्या कडेबाहेर ठेवायला लावतात. तपासणारा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत टेंडन धरून टाचेपासून वर सरकत जातो आणि नेमकं कुठे दुखतं ते मोजपट्टीने टिपतो. मग उभं करून एका पायावर टाच उचलायला लावतात, थकेपर्यंत, आणि दोन्ही पायांचा आकडा लिहितात. सोनोग्राफी होते. शेवटी ‘व्हिसा-ए’ नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली येते. 100 गुण म्हणजे पूर्ण निरोगी. पहिलाच प्रश्न सकाळी उठल्यावर किती मिनिटं आखडलेलं असतं हा आहे. इथे कळकळीची विनंती: खरं ते लिहा. चाचणीत घ्यावं म्हणून दुखणं वाढवून लिहिणारे असतात, आणि पुढे तेच गुण वाढले की औषधाला फुकटचं यश मिळतं. त्या आकड्यांवर उद्या हजारो लोकांचे उपचार ठरणार असतात.

संमतीपत्र घरी न्या. ते तिथल्या तिथे सही करायला लावत असतील तर सही करू नका. प्रामाणिक पथक स्वतःहून वेळ देतं. भाषा कळत नसेल तर तुमच्या भाषेतली प्रत मागा. तुम्हाला काय विचारायचं? मला इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, आणि ते लेखी कुठे आहे. माझा आत्ताचा उपचार थांबवावा लागेल का, दुखणं असह्य झालं तर कोणती गोळी चालेल. किती भेटी, किती वेळ, प्रवासखर्च मिळेल का. मधेच सोडलं तर माझ्या नेहमीच्या उपचारावर परिणाम होईल का. (शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं, कुठलंही कारण न सांगता कधीही बाहेर पडायचा तुमचा हक्क आहे.) नीतिसमितीने मंजुरी दिल्याचा उल्लेख आणि समितीचा स्वतंत्र संपर्क कागदावर असतो. पथकाबद्दल तक्रार असेल तर ती तिथे करायची.

धोक्याचं म्हणाल तर तो उपचारागणिक बदलतो. व्यायामाच्या चाचणीत फार तर काही दिवस दुखणं वाढेल. टेंडनमध्ये काही टोचणार असतील तर रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि क्वचित टेंडन फाटणं, हे विचारून घ्या. अगदी नवं औषध पहिल्या टप्प्याच्या चाचणीत असेल तर तिथे मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा असतो, तुम्हाला बरं वाटण्याचा नाही. आठ-नऊ महिन्यांच्या दुखण्यासाठी पहिल्या टप्प्याची चाचणी मी सहसा सुचवत नाही. भार देऊन बघण्यासारखं अजून बरंच बाकी असतं.

पैशांच्या बाबतीत एकच ओळ पक्की धरा: ज्या उपचाराची चाचणी चालली आहे, त्याचे पैसे सहभागी माणसाकडून घ्यायचे नसतात. स्टेम सेलच्या नावाखाली काही क्लिनिकं स्वतःची ‘चाचणी’ सार्वजनिक नोंदणीवर टाकतात आणि रुग्णाकडून मोठी रक्कम घेतात. त्यात तुलनेचा गट नसतोच, प्रत्येकाला तेच इंजेक्शन. नोंदणीवर नाव दिसलं म्हणजे सरकारने तपासून पसंत केलं असं होत नाही. अमेरिकेची नोंदणी हा इशारा स्वतःच छापते. मी वर तुलनेचा गट आधी वाचा म्हटलं, ते इथेही उपयोगी पडतं. तो रकाना रिकामा आणि सोबत दरपत्रक, एवढं पुरे.

चाचणीत घेतलं की दोन गोष्टी सांभाळा. दुसरीकडून गुपचूप उपचार घेऊ नका. घेतलाच तर लगेच सांगा, कुणी रागावणार नाही, पण न सांगता घेतलेलं इंजेक्शन सगळी मोजणी बिघडवतं. आणि बरं वाटलं म्हणून शेवटच्या भेटी टाळू नका. स्टिरॉइडचं नुकसान पहिल्या काही आठवड्यांत दिसलं नव्हतं, वर्षाने दिसलं, तेही लोक वर्षाने परत आले म्हणून. चाचणी संपल्यावर तुम्ही कुठल्या गटात होता आणि निकाल काय लागला हे कळवतील का, ते सही करतानाच विचारून ठेवा.

नाकारलं गेलात तर कारण नेमकं विचारून घ्या. ‘इंजेक्शनला अजून तीन महिने झाले नाहीत’ असं असेल तर तारीख लिहून घ्या आणि तेव्हा परत फोन करा. ‘व्यायाम पुरेसा झालेला नाही’ असं असेल तर तोवर तुमचे बारा आठवडे सुरू करा. आणि सोनोग्राफीत टेंडनमध्ये काहीच सापडलं नाही म्हणून नाकारलं असेल, तर तो कागद घेऊन मूळ डॉक्टरांकडे जा. टाचेमागे टेंडनशिवायही दुखण्यासारखं बरंच असतं: हाडाजवळची पाण्याची पिशवी, कमरेतून येणारी नस, टाचेच्या हाडातली बारीक चीर.